परदेशी विद्यार्थिनी, वेस्ट मांबलम

२३ जून

आज एका टेबलापलीकडच्या बाईंनी मला सांगितलं की माझी मुलगी परदेशी आहे.

घरी येऊन जेवणं झाली, भांडी झाली, तरी ते वाक्य डोक्यातून जात नाही. म्हणून लिहून काढते आहे. संयुक्ताची आज चेन्नईच्या सरकारी पशुवैद्यकीय कॉलेजात कागदपत्रांची तपासणी होती. बारावीच्या मार्कांवर साध्या यादीत तिचा नंबर नक्की लागेल, असं क्लासचे सर सांगत होते. आम्ही दोघी सकाळीच जाऊन बसलो. नाव पुकारलं गेलं. बाईंनी मार्कशीट पाहिली, शाळेचा दाखला पाहिला आणि जन्माच्या दाखल्यावर येऊन थांबल्या. कोलंबस, ओहायो. त्यांनी पासपोर्ट मागितला. मी तो दिला आणि सोबतचं ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते कार्डही दिलं. मला वाटलं, ते कार्ड पाहिलं की संपलं.

बाई भल्या होत्या. हळू आवाजात तमिळमध्ये म्हणाल्या, की ही यादी भारतीय नागरिकांची आहे. तुमची मुलगी अमेरिकेची नागरिक. तिला परदेशी विद्यार्थ्यांच्या कोट्यात अर्ज करावा लागेल. तो फॉर्म वेगळा, टेबल वेगळं आणि फी डॉलरमध्ये. मी सांगत राहिले की ही एलकेजीपासून आमच्या कोपऱ्यावरच्या शाळेत आहे, हिचं आधार आहे, रेशनकार्डात नाव आहे. त्यांनी मान डोलावली आणि आकडा एका चिठ्ठीवर लिहून दिला. त्या एका वर्षाच्या फीमध्ये साध्या यादीतल्या मुलाचं अख्खं शिक्षण होऊन वर उरेल.

तिचा जन्म तिकडचा, हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू. माझ्या नवऱ्याच्या, श्रीहरीच्या प्रोजेक्टसाठी आम्ही दोन वर्षं ओहायोत होतो. मी बाळंतपणाला मिरजेला आईकडे जाणार होते, पण तिकडचे डॉक्टर चांगले म्हणून राहिलो. पोर चौदा महिन्यांची असताना परत आलो, त्यानंतर ती देशाबाहेर गेलेली नाही. मुदत संपत आली की श्रीहरी न चुकता कॉन्सुलेटमध्ये जाऊन तिचा पासपोर्ट नवा करून आणायचा. मला वाटायचं, लोक पोरांचा पहिला दात जपून ठेवतात, तसंच हे.

 संयुक्ता रिक्षातून गल्लीच्या तोंडाशी उतरली आणि नेहमीसारखी पिशवीतून बिस्किटं काढून कुत्र्यांना घालत बसली. मी वर आले.

२४ जून

काल श्रीहरी शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातून उशिरा आला, म्हणून आज सकाळी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो हादरेल. तो हादरला नाही. कॉफी संपवली, चिठ्ठीवरचा आकडा वाचला आणि म्हणाला, "बघू."

मग वेंकटभावजींचा विषय काढला. त्याचा थोरला भाऊ डॅलसला असतो. तिकडे संयुक्ता नागरिकच आहे, तिच्या नावावर सरकारी कर्ज मिळेल, राहायला काकाचं घर आहे. इथे परदेशी म्हणून पैसे ओतण्यापेक्षा तिकडे घरच्यासारखं शिकेल. सगळं त्याने इतकं सलग सांगितलं, जणू पाठ होतं. शेवटी म्हणाला, "तीन वर्षांचा तर प्रश्न आहे, कुमुद."

मी म्हटलं, गुरांच्या डॉक्टरचा कोर्स पाच वर्षांच्या वर असतो, तिकडे तर त्याहून जास्त. तीन कुठून आली? तो म्हणाला, सुरुवातीची तीन जड जातात, पुढे सवय होते.

तेही खरं असेल.

२९ जून

रविवार. चौघंही घरात. संयुक्ता पाच दिवस खोलीचं दार लावून बसली होती. मला वाटत होतं रडत असेल. ती वाचत होती. आज जेवणानंतर बाहेर आली आणि आम्हा सगळ्यांना समोर बसवून बोलली.

आईवडील भारतीय असतील आणि मूल अठराच्या आतलं असेल, तर आईवडिलांना त्याच्या भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. दोघांच्या सह्या लागतात. अठरा पूर्ण झाल्यावर मात्र तिचा तिलाच अर्ज करावा लागेल. तो रस्ता वेगळा आणि वर्षानुवर्षांचा. तिचा वाढदिवस अकरा ऑगस्टला. यंदाचा प्रवेश गेला तर गेला, म्हणाली, एक वर्ष दवाखान्यात काम करते, पुढच्या वर्षी साध्या यादीत बसते. आमच्या अशोक नगरच्या बाजूला जनावरांचा एक दवाखाना आहे, तिथे ती दर रविवारी फुकट राबते. तिथल्या डॉक्टरीणबाई तिला ठेवून घ्यायला तयार आहेत.

सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मा, इतका वेळ ऐकत होत्या. त्यांचं तंजावरचं मराठी मला लग्नानंतर दोन वर्षं नीट कळत नव्हतं. आता कळतं. त्या म्हणाल्या, "पोर इथली नव्हे म्हणून कोण सांगितलं? नावं तरी घ्या त्यांची." त्यांना समजावून सांगता सांगता पुरेवाट झाली.

श्रीहरीने विचारलं, "म्हणजे तो पासपोर्ट सोडावा लागणार?"

"हो अप्पा. दोन ठेवता येत नाहीत."

त्याने वर पंख्याकडे पाहिलं. मग "सरी," म्हणाला, म्हणजे ठीक आहे. फॉर्म ऑनलाइन असतो, या गोष्टी मला कळतात, फाइल माझ्याकडे दे. मी लगेच फाइल दिली. सहा दिवसांनी आज पहिल्यांदा नीट भूक लागली.

७ जुलै

मी शिकवते ती शाळा जोरात सुरू. आठवीच्या वर्गात बेचाळीस मुलं आणि हिंदीत 'ने' कुठे लावायचा हे एकालाही कळत नाही. श्रीहरी फॉर्म भरतो आहे. झालं का विचारलं, तर होतंय म्हणाला.

१६ जुलै

श्रीहरीला ऑफिसने आठवड्यातून तीनच दिवस यायला सांगितलंय. बाकी दिवस घरून काम. कंपनीचा लॅपटॉप बिघडला म्हणून दुरुस्तीला दिलाय. माळ्यावरचा जुना काढून त्यावर चाललंय. तो इतका हळू चालतो की बिचारा तासन्‌तास नुसता त्याच्यासमोर बसलेला असतो. फ्रिजचा विषय काढला, आतला बर्फाचा कप्पा आता बंदच होत नाही. दिवाळीपर्यंत थांबू म्हणाला.

संध्याकाळी कपडे काढायला गच्चीवर गेले, तर हा तिथे वेंकटभावजींशी फोनवर. मला बघून बोलणं आवरलं. त्यांचं ब्लडप्रेशर वाढलंय म्हणाला. विषय थोडा नाजूक असावा, मी फार खोदून विचारलं नाही.

फॉर्ममध्ये संयुक्ताचा फोटो चढत नाही, साइज वेगळा लागतो. दुसरा काढायला हवा. तिने त्याच दिवशी काढून आणून दिला.

२५ जुलै

आता जन्माच्या दाखल्यावर तिकडचा शिक्का लागतो म्हणे. वेंकटभावजी मिळवून पाठवणार. पोस्टाने यायला वेळ लागेल. श्रीहरी म्हणाला, काळजी करू नकोस, अर्ज आधी जाईल, हा कागद मागून दिला तरी चालतो.

रात्री पोळ्या करताना संयुक्ता ओट्याला टेकून उभी राहिली आणि विचारलं, "आई, तू स्वतः ती वेबसाइट उघडून पाहिलीस का?"

मी म्हटलं, मला त्यातलं काय कळतंय, अप्पाला कळतं. त्याचं निम्मं आयुष्य कॉम्प्युटरवर गेलंय.  ती एक पोळी हातात घेऊन नुसतीच खात खात गेली. या वयात मुलांना धीर नसतो.

२ ऑगस्ट

संयुक्ता दवाखान्यातून हातावर ओरखडा घेऊन आली, मांजराचा. अम्मांनी हळद लावली आणि लग्न कसं व्हायचं म्हणून तिला ऐकवलं. ती हसली नाही. हल्ली ती अप्पाशी फक्त लागेल तेवढंच बोलते. मला म्हणाली, "तू विचारलंस का त्याला परत?"

विचारलं. श्रीहरी चिडला. "तुझा माझ्यावर विश्वास नाही का? करतो सोमवारी." तो सहसा चिडत नाही. कामाचा ताण असेल.  सोमवार लांब नाही.

६ ऑगस्ट

"झालं," म्हणाला. अर्ज गेला.

मी देवापुढे दिवा लावला. मग स्टेशनवरचा पूल ओलांडून एकटीच टी. नगरला गेले. आडी महिन्याचा सेल चालू आहे, रंगनाथन स्ट्रीटवर पाय आपोआप पुढे जातात, आपण फक्त पिशवी छातीशी धरायची. संयुक्तासाठी गर्द हिरव्या रंगाचा चुडीदार घेतला. तिला आवडेल की नाही देव जाणे, पण भारतीय मुलीचा पहिला वाढदिवस म्हणून घेतला. हे तिला सांगितलं तर ती डोळे फिरवेल, म्हणून इथेच लिहिते.

११ ऑगस्ट

अठरा. सकाळी केसरी, म्हणजे इकडचा गोड शिरा केला. अम्मांनी ओवाळलं. हिरवा चुडीदार तिने दिवसभर घातला. दुपारी वर्गातल्या तीन मैत्रिणी आल्या होत्या, त्यातल्या दोघींना साध्या यादीत जागा मिळाली आहे. त्या गेल्यावर तिने अप्पाला अर्जाचा नंबर विचारला. मेल येईल, तो म्हणाला. तिने मान हलवली. मी केसरीची वाटी घेऊन शेजारी गेले.

१२ ऑगस्ट

सगळं जसं झालं तसं लिहिते.

संध्याकाळी संयुक्ता जेवणाच्या टेबलाशी तिचा लॅपटॉप घेऊन बसली आणि श्रीहरीला पुन्हा नंबर विचारला. तो म्हणाला, मेलला वेळ लागतो. ती म्हणाली, मेल लागतच नाही अप्पा, अर्ज गेला की नंबर तिथल्या तिथे मिळतो. तो पाणी प्यायला. तिने लॅपटॉप आमच्याकडे वळवला. त्यावर आमच्या नावाचा अर्धा भरलेला फॉर्म होता. तीस जूनला जतन केलेला. त्यानंतर त्याला कोणी हात लावलेला नव्हता.

मी म्हटलं, साइटचा घोटाळा असेल. मी म्हटलं, हेल्पलाइनला फोन लावू, काल सुट्टी असेल, सर्व्हर बंद असेल. मी किती वेळ बोलत होते कोण जाणे. श्रीहरी उठून गॅलरीत गेला आणि दार ओढून घेतलं.

"आई, थांब," संयुक्ता म्हणाली. "त्याने मुद्दाम केलंय."

"तुला कोणी सांगितलं?"

"फॉर्म तसाच पडलाय हे मी जुलैतच पाहिलं होतं. माळ्यावरच्या लॅपटॉपला पासवर्ड नाही."

मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललीस. हे मी जरा ओरडूनच विचारलं. तिने उत्तर मात्र शांतपणे दिलं.

"तू बघशील म्हणून थांबले. सही तुम्हा दोघांची लागत होती ना. तू रोज 'झालं का' विचारायचीस, तो 'होतंय' म्हणायचा आणि तू भाजी चिरायला घ्यायचीस. मला वाटलं, एक दिवस तरी तू म्हणशील, दाखव."

ती उठून अम्मांच्या खोलीत गेली. तिची उशी आणि चादरही घेऊन गेली.

१३ ऑगस्ट

आज शाळेत गेले नाही. अम्मा देवळात आणि संयुक्ता दवाखान्यात गेल्यावर श्रीहरीला समोर बसवलं. त्याने काही नाकारलं नाही.

मुलगी एकवीस वर्षांची झाली, की तिकडची नागरिक म्हणून आईवडिलांना कायमचं बोलावू शकते. तीन वर्षं ती ही होती. तेवढी तिने तिकडे काढायची, मग आम्ही जायचं. म्हणून त्याने तो पासपोर्ट सतरा वर्षं जिवंत ठेवला. आता मला आठवतं तसं, कॉन्सुलेटमधून आला की तो त्या दिवशी खुशीत असायचा.

मी म्हटलं, पण तुला इथे काय कमी आहे, चांगली नोकरी आहे. तेव्हा तो म्हणाला की नोकरी नाही. मार्चअखेर गेली. त्याच्या पूर्ण टीमलाच काढलं. कंपनीने हिशोब करून जे पैसे दिले, ते त्याने वेगळ्या खात्यात ठेवलेत, तिकडच्या पहिल्या वर्षासाठी. लॅपटॉप बिघडलेला नाही, परत घेतला त्यांनी. तो जातो ते लायब्ररीत.

मला धड रागही येईना. मार्चपासून मी रोज सकाळी डबा भरत होते, एवढंच डोक्यात फिरत होतं. विचारलं, "डबा कुठे खायचास?"

"मागच्या बाजूला बाक आहेत. आमच्यासारखे बरेच असतात तिथे."

मग तो बोलत राहिला. एकोणपन्नासाव्या वर्षी त्याला कोणी घेत नाही. मुलाखत घेणारी मुलं त्याला 'सर' म्हणतात आणि नंतर फोन करत नाहीत. "तिचा पासपोर्ट गेला असता तर आपल्या तिघांचा रस्ता बंद झाला असता, कुमुद."

"आपल्या? मला कधी विचारलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू तिला सांगितलं असतंस."

मी म्हटलं, हो, सांगितलं असतं. तो खाली बघत बसला. त्याच्या मानेवरचे केस बरेच पांढरे झालेत. हे मी एवढ्या जवळून बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. त्याची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःची चीड आली.  उठून भात लावला.

१७ ऑगस्ट

चार दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललेलं नाही. श्रीहरी आता लायब्ररीत जायचं नाटक करत नाही, दिवसभर हॉलमध्ये असतो. दारावरची बेल वाजली की दचकतो. वेंकटभावजींचा फोन आला होता. मी घेतला. ते म्हणाले, मुलीला लवकर पाठवा, सेमिस्टर सुरू होतंय. त्यांना सगळं माहीत होतं. मी कळवते म्हणून ठेवला.

मला वाटत होतं अम्मा मुलाची बाजू घेतील. भिंती पातळ आहेत, त्यांनी सगळं ऐकलंय. आज दुपारी शेंगा सोलताना त्यांनी मला जवळ बसवलं. श्रीहरी त्यांचा मुलगा आहे, भित्रा आहे, लहानपणापासून भित्रा, हे त्यांना ठाऊक आहे, असं म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"तू तिची आई की श्रीहरीची कारकून? तो सांगितला, तू ऐकत बसलीस."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. वीस वर्षांत त्या मला इतकं थेट बोलल्या नव्हत्या. मग त्यांनी विचारलं, की त्या कॉलेजात ते परदेशी लोकांचं जे काय आहे, त्याला शेवटची तारीख कधी.

कधी, ते मला माहीत नव्हतं. तेवीस जूनपासून मी ते विचारलंच नव्हतं. ती चिठ्ठी पर्समध्ये घडी करून ठेवली आणि तिच्याकडे पुन्हा बघितलं नाही.

१९ ऑगस्ट

हाफ डे टाकून एकटीच कॉलेजात गेले. त्याच बाई होत्या, त्यांनी मला ओळखलं. परदेशी कोट्यातल्या जागा अजून रिकाम्या आहेत. दरवर्षी राहतात, म्हणाल्या. मुदत अठ्ठावीसपर्यंत. संयुक्ताचे मार्क त्यांनी पुन्हा पाहिले आणि म्हणाल्या, ही यात पहिली येईल. मला त्या वेळी हसू यायला हवं होतं.

मी एकेक गोष्ट विचारून लिहून घेतली. कुठला कागद, किती प्रती, पैसे कोणत्या खात्यात, रुपयांत चालतील का. पुढे तिला भारतीय नागरिकत्व मिळालं तर फी बदलेल का, हेही विचारलं. ते त्यांना सांगता येईना. नाही बदलणार असं धरून चला, म्हणाल्या. त्या खरं बोलल्या म्हणून बरं वाटलं.

तिथून थेट दवाखान्यात गेले. संयुक्ता एका म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरचं तोंड धरून बसली होती आणि डॉक्टरीणबाई त्याच्या कानात औषध घालत होत्या. कुत्रं मोकळं होईपर्यंत मी भिंतीला टेकून उभी राहिले. मग बाहेर पायरीवर बसून तिला सगळं सांगितलं आणि विचारलं, तुला काय हवंय. हा प्रश्न या घरात तिला दोन महिन्यांत कोणी विचारला नव्हता.

ती म्हणाली, तिकडे जायची तिला भीती वाटत नाही, कदाचित आवडेलही. पण कोणाच्या तरी रांगेतला नंबर म्हणून जायचं नाही. तिला इथे शिकायचंय. नागरिकत्वाचा अर्ज आता ती स्वतः करणार, लागतील तेवढी वर्षं लागोत.

"परदेशी म्हणून बसावं लागेल," मी म्हटलं.

"बसेन. पण पैसे कुठून?"

मी म्हटलं, पहिल्या वर्षाचे आहेत. पुढचं मला माहीत नाही. ती माझ्याकडे जरा निरखून बघत राहिली. खोटं पकडायला बघतात तसं.

२१ ऑगस्ट

श्रीहरी म्हणाला, तेवढेच पैसे आहेत आपल्याकडे. मी म्हटलं, हो. तो म्हणाला, एका वर्षात संपतील, मग? मी म्हटलं, मग मी संध्याकाळच्या शिकवण्या घेईन, तू जे मिळेल ते करशील, अम्मा म्हणतात माझ्या बांगड्या आहेत. नाहीच जमलं तर तेव्हा रडू. तो म्हणाला, तू भावनेच्या भरात बोलतेयस. कदाचित तसंही असेल. पण मी चपला घालून दारात उभी राहिले आणि तो येईपर्यंत उभीच राहिले.

बँकेच्या टी. नगरच्या शाखेत गर्दी होती. श्रीहरीने फॉर्म भरला. सही करताना त्याचा हात थांबला. मी त्याच्या हाताकडे बघत राहिले. त्याने सही केली. बाहेर आल्यावर रस्त्यावर उभा राहून म्हणाला, "रस्ता संपला, कुमुद."

मी म्हटलं, "वेंकटभावजींना तूच कळव."

त्याने तिथेच फोन लावला. बोलताना तो माझ्याकडे पाठ करून उभा होता, पण या वेळी सगळं ऐकू येईल इतक्या मोठ्याने बोलत होता. मी कोपऱ्यावरून दोन कॉफी आणल्या. त्याची त्याने घेतली.

२७ ऑगस्ट

आज प्रवेश झाला.

परदेशी विद्यार्थ्यांचं टेबल वेगळ्या इमारतीत आहे, पंखेही तिथे जास्त आहेत. भूतानचा एक मुलगा वडिलांबरोबर आला होता, मालदीवची एक मुलगी मोठ्या भावाबरोबर. सगळ्यांना एकेक पुस्तिका दिली. चेन्नईत पाणी कसं प्यावं, रिक्षाचं भाडं आधी ठरवावं, पानावरचं जेवण हाताने कसं खावं आणि मागे तमिळ शब्दांची यादी. संयुक्ता ती वाचू लागली. 'तण्णी म्हणजे पाणी' इथपर्यंत आली आणि तिला हसू फुटलं. मालदीवच्या मुलीला वाटलं काहीतरी गंमत आहे, तीही हसली. दहा मिनिटांत संयुक्ता तिला सांगत होती की पुस्तिकेतलं रिक्षाचं पान फाडून टाक, कोणत्या नंबरची बस पकडायची ते मी सांगते.

जूननंतर तिला हसताना मी आज पाहिलं. खिडकीबाहेर श्रीहरी झाडाखाली उभा होता. तो आत आला नव्हता. तिने त्याला आत बोलावलं नव्हतं, येऊ नको असंही म्हणाली नव्हती.

फॉर्ममध्ये एक रकाना होता, पालकांचा परदेशातला पत्ता. त्याच्या खाली दुसरा, चेन्नईतले स्थानिक पालक, ज्यांच्यावर विद्यार्थ्याची इथली जबाबदारी. टेबलावरचा तरुण गोंधळला. आई आणि स्थानिक पालक एकच असं त्याला आजवर भेटलं नव्हतं. तो आत जाऊन विचारून आला. चालेल म्हणाला, पण नाव दोन्हीकडे लिहा. परदेशातल्या पत्त्यावर त्याने आडवी रेघ मारून घेतली. स्थानिक पालकाच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं, वेस्ट मांबलमचा पत्ता लिहिला. नातं विचारलं होतं, तिथे आई लिहिलं. अक्षर मुलांना वहीत घालून देते तसं आलं.

संयुक्ताने फॉर्म माझ्याकडून घेतला. पहिल्या पानापासून प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचला. फोटो चिकटलाय का, सह्या सगळीकडे आहेत का, पैसे भरल्याचा नंबर बरोबर उतरलाय का. मी शेजारी बसून होते. मधेच श्रीहरी दारापर्यंत आला आणि म्हणाला, रांग मोठी आहे, द्या, मी उभा राहतो.

संयुक्ताने त्याच्याकडे पाहिलं. मग फॉर्म माझ्या हातात दिला.

"तू जमा कर, आई. पावती घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नकोस."

मी रांगेत उभी राहिले. उकडत होतं. माझी पाळी आल्यावर खिडकीतल्या माणसाने गठ्ठा घेतला, शिक्का मारला आणि पुढच्याला हाक मारली. मी बाजूला झाले नाही. मागून कोणीतरी कुरकुरलं. मी पावती मागितली, त्यावरचा नंबर त्याला मोठ्याने वाचायला लावला आणि कागदावरच्या आकड्यांशी एकेक करून ताडून पाहिला.

परत आले तेव्हा तिने हात पुढे केला. पावती वाचली, घडी घातली आणि स्वतःच्या पिशवीत, आतल्या कप्प्यात ठेवून चेन लावली.

"चल," म्हणाली.

आम्ही तिघं स्टेशनकडे चालत आलो. ती पुढे, मालदीवच्या मुलीला बसस्टॉप दाखवत. मी तिच्या मागे. श्रीहरी माझ्या मागे, थोडं अंतर ठेवून.